ढालकिडा ओळखायचा कसा? ठिपके नंतर मोजा, आधी बाकीचं बघा

दिवाळी झाली, करडई टोंगळ्याला लागली की माझ्या मोबाईलवर एक फोटो येणार म्हणजे येणारच. करडईचा शेंडा, शेंड्यावर काळा मावा (रस शोषणारी बारीक कीड), आणि त्या माव्यात फिरणारी एक काळपट काटेरी अळी, अंगावर नारिंगी डाग. खाली मेसेज, "भाऊ ही कोणती अळी पडली, काय मारू?" मी दरवर्षी तेच लिहितो की बाबा काही मारू नको, ती करडई खायला नाही तर मावा खायला आलीय, ती ढालकिड्याची म्हणजे लेडीबर्ड बीटलची अळी आहे. पण तोवर निम्म्या लोकांनी पंप पाठीवर घेतलेला असतो.

हसायचं कारण नाही, मी पण हेच केलंय. आठ-नऊ वर्षांपूर्वी अशाच चार-पाच अळ्या प्लास्टिकच्या डबीत घालून एका दुकानात दाखवल्या, समोरच्यानं डबी नीट उघडलीसुद्धा नाही, शेंडा खाणारी अळी आहे म्हणून बाटली हातात दिली. फवारलं. मावा चार दिवस दबला आणि पंधरवड्यात असा उसळून आला की झाडं चिकट काळी झाली, आणि यावेळी त्याला खायला वावरात कोणीच नव्हतं. ती डबी मात्र आखाड्यावरच्या देवळीत तशीच विसरून राहिली होती. आठवड्यानं हाताला लागली, उघडून बघतो तर एक अळी झाकणाला उलटी चिकटून कोष झालेली, आणि बाजूला नुकताच निघालेला एक भुंगेरा, हळदीच्या पाण्यासारखा फिका पिवळा, अंगावर एक ठिपका नाही. चहा ठेवला, गुरांना पाणी पाजलं, दीड-दोन तासांनी परत बघितलं तर पाठीवर काळे ठिपके उमटायला लागलेले, अगदी पूर्वी फोटोचा कागद धुताना चित्र उमटायचं तसे. संध्याकाळपर्यंत सात ठिपके स्पष्ट. लाल रंग नीट चढायला अजून काही दिवस लागतात. त्या दिवशी कळलं की आपण कोणाला मारलं.

त्यामुळं हा लेख. मी काही कीटकशास्त्रज्ञ नाही, पण परभणी, बीड, जालना पट्ट्यात वावरात, परसात, रस्त्याच्या कडंला जे ढालकिडे दिसतात ते ओळखायला एवढं बास होतं.

बघायला कधी जायचं, काय न्यायचं

सकाळी ऊन चढायच्या आत जा, सात ते साडेनऊ. दुपारी ते पानाआड, बुंध्याला दबून बसतात, आणि गरम झालेला भुंगेरा फोटो काढेस्तोवर उडून जातो. जास्त सामान लागत नाही, एक भिंग (दहापट वाढवणारं स्वस्तातलं चालतं), एक-दोन पारदर्शक डब्या, जुनं पांढरं धोतर किंवा उपरणं आणि मोबाईल. झाडाखाली कपडा धरायचा, फांदीला हळूच दोन टिचक्या मारायच्या, जे असेल ते खाली पडतं. ढालकिड्याची सवयच तशी आहे, धक्का लागला की पाय पोटाखाली घेतो आणि मेल्यासारखा पडतो. मिनिटभर थांबा, मग उठून चालायला लागतो. बोटावर घेतला तर कायम वरच्या दिशेनं चढणार, बोटाच्या टोकाला पोचला की टणक पंख उघडणार, आतले घडीचे पातळ पंख बाहेर काढणार आणि गेला. म्हणून फोटो काढताना बोट आडवं धरा आणि फिरवत राहा.

जोरात दाबलात तर पायाच्या सांध्यातून पिवळा कडू वासाचा थेंब निघतो. ते त्याचं रक्तच असतं, पक्ष्यानं, मुंगीनं तोंडात धरू नये म्हणून. माणसाला काही होत नाही, हात धुवा म्हणजे झालं, डोळ्याला लावू नका. लाल-काळा भडक रंग पण त्याच कामाचा, मी कडू आहे अशी पाटीच म्हणा ना.

पहिली पायरी: हा ढालकिडा आहे का तरी?

निम्मी चूक इथंच होते. ढालकिडा वरून बघितला तर गोल किंवा लंबगोल, बाजूनं बघितला तर अर्धी केलेली वाटाण्याची डाळ, वर फुगीर आणि खाली सपाट. पाय आखूड, चालताना जेमतेम दिसतात. मिशा आखूड, टोकाला बारीक गुंडी. डोकं लहान, मानेवरच्या पाटीखाली निम्मं लपलेलं. या चार गोष्टी जुळल्या तर पुढं जा.

न जुळणारे पण लोक हमखास दाखवतात ते सांगतो. काकडी, दोडका, भोपळ्याच्या कोवळ्या पानाला भोकं पाडणारा नारिंगी लाल भुंगेरा हा लाल भोपळा भुंगेरा, अंग लांबट, मिशा लांब, ठिपका एकही नाही. तुरीच्या, मुगाच्या फुलावर बसणारा काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा बोटाच्या पेराएवढा मोठा तो वेगळाच, त्याला हातानं धरू नका, फोड येतात. कपाशीच्या बोंडावर घोळक्यानं बसलेली लाल पिल्लं ही लाल ढेकण्याची, त्यांना टणक पंख नसतात आणि तोंडाला सोंड असते. मृगाच्या पावसात निघणारा लाल मखमली मृगाचा किडा तर किडाच नाही, पाय मोजा, आठ निघतील, तो कोळ्याच्या गोतावळ्यातला.

आणि एक खास. पावसाळ्यात गाजर गवतावर पांढुरका भुंगेरा दिसतो, पाठीवर तपकिरी नागमोडी उभ्या रेघा. लोक त्याला लेडीबर्ड म्हणून पाठवतात. तो मेक्सिकन भुंगा, गाजर गवत खायला म्हणूनच परदेशातून आणला आणि १९८४ मध्ये बंगळूरला पहिल्यांदा सोडला. ढालकिडा नाही, पण मारू नका, फुकटात खुरपणी करतोय.

दुसरी पायरी: चमक बघा आणि तो खातोय काय ते बघा

सगळ्यात कामाची पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच सोडून ठिपके मोजत बसतात. शेतातला मोठा ढालकिडा, म्हणजे पाच-सात मिलीमीटरचा, पाठ गुळगुळीत आणि तेल लावल्यासारखी चकचकीत असेल तर बहुतेक मित्र. तेवढाच मोठा पण पाठ मळकट, विटकरी, उन्हात तिरकं धरलं तर बारीक लव दिसते, तर तो एपिलॅक्ना, पानं खाणारा, आपल्या वांग्याचा शत्रू.

पण लव म्हणजे शत्रू असं पाठ करून ठेवू नका, कारण अगदी बारके, दोन मिलीमीटरचे तपकिरी स्किम्नस नावाचे ढालकिडे पण लवदार असतात आणि ते मावा, पिठ्या ढेकूण (अंगावर पांढरं पीठ असलेली रस शोषणारी कीड) खातात. पिठ्या ढेकूण खाणारा क्रिप्टोलिमस पुढं येईल, त्याला पण लव असते. म्हणून आकार आणि लव दोन्ही बघा, आणि शंका राहिली तर पान बघा. पानाची जाळी झालीय, शिरा तेवढ्या राहिल्यात, मावा कुठंच नाही, म्हणजे तो पान खातोय. पानावर मावा आहे, माव्याच्या पांढऱ्या काती पडल्यात आणि भुंगेरा त्यात तोंड घालून बसलाय, म्हणजे प्रश्नच मिटला.

तिसरी पायरी: आता नावं

ठिपके म्हणजे वय नाही हे आधी डोक्यातून काढा. सात ठिपके म्हणजे सात वर्षाचा असं लहानपणी ऐकलेलं असतं, पण ठिपके एकदा उमटले की मरेपर्यंत तेवढेच राहतात, आणि हे जीव जगतात काही महिने. जगात ढालकिड्यांच्या सहा हजारांवर जाती आहेत, आपल्या वावरात रोज दिसणाऱ्या सात-आठ ओळखल्या तरी पुष्कळ.

सात ठिपक्यांचा, शास्त्रीय नाव कॉक्सिनेला सेप्टेमपंक्टाटा. मोठा, टप्पोरा, लाल. दोन्ही पंखांवर तीन-तीन ठिपके आणि सातवा मधोमध मानेजवळ, दोन्ही पंखात वाटून घेतलेला. मानेची पाटी काळी आणि पुढच्या दोन कोपऱ्यांत पांढरट चौकोनी ठिगळ. आमच्याकडं हा थंडीचा पाहुणा, करडई, गहू, मोहरीवर भरपूर, आणि फेब्रुवारी-मार्चला करडई वाळली की दिसेनासा होतो. मोठा भुंगेरा दिवसाला पन्नासेक मावा सहज खातो.

आडव्या पट्ट्यांचा, कॉक्सिनेला ट्रान्सव्हर्सालिस. सात ठिपक्यांच्याशी याचीच लोक जास्त गल्लत करतात. रंग नारिंगी लाल, पाठीच्या मधोमध जाड काळी रेघ, दोन्ही बाजूंना तुटक वेडेवाकडे काळे पट्टे. शंका आली तर मानेच्या पाटीचे कोपरे बघा, सात ठिपक्यांच्याचे पांढरट, याचे नारिंगी. एवढ्या एका खुणेवर माझं काम नव्वद टक्के भागतं.

नागमोडी, चेलोमेनिस सेक्समॅक्युलाटा, जुन्या पुस्तकात मेनोचिलस नावानं सापडेल. मराठवाड्यात कोणता ढालकिडा सगळ्यात जास्त असं विचारलं तर मी डोळे झाकून याचं नाव घेईन. कपाशी, चवळी, ज्वारी, तूर, परसातला लिंबू, कुठंही. सात ठिपक्यांच्यापेक्षा लहान, प्रत्येक पंखावर दोन नागमोडी काळ्या रेघा आणि मागं एक ठिपका. गंमत अशी की रंग एकसारखा नसतो, कोणी पिवळा, कोणी गुलाबी, कोणी गडद नारिंगी, कोणाच्या रेघा इतक्या जाड की पाठ काळीच वाटते. आधी मी या तीन वेगळ्या जाती समजून वहीत तीन नावं लिहून बसलो होतो. रंगावर जाऊ नका, नागमोडी रेघ शोधा. उन्हाळ्यात सगळं रान करपलेलं असताना हा बघायचा असेल तर रस्त्याच्या कडंची रुई बघा, कोवळ्या शेंड्यावर पिवळाधमक मावा असतो आणि बऱ्याचदा त्यात हा सापडतो.

तीन रेघांचा, ब्रुमॉइडिस. तीन-साडेतीन मिलीमीटरचा, गव्हाच्या काडासारखा पिवळा, पाठीवर तीन उभ्या काळ्या रेघा. कपाशीत पिठ्या ढेकूण असेल तिथं शोधा. लहान असल्यानं नजरेतून सुटतो.

काळा चकचकीत, कायलोकोरस निग्रिटा. हेल्मेटसारखा गोल, काळा कुळकुळीत. मोसंबी, लिंबाच्या फांदीवर खवले कीड (खवल्यासारखी चिकटून रस शोषणारी) असली की हा येतो. जालन्याकडच्या मोसंबीवाल्यांनी हा ओळखायलाच पाहिजे, कारण काळा दिसतो म्हणून पहिला चिरडला जातो. मोसंबी-संत्र्याच्या लोकांवर ढालकिड्याचे उपकार तसे जुनेच आहेत, १८८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संत्राबागा खवले किडीनं बसत आल्या होत्या, तेव्हा ऑस्ट्रेलियातून रोडोलिया नावाचा लाल-काळा ढालकिडा नेऊन सोडला आणि दोनेक वर्षांत बागा सावरल्या. किडीनं कीड मारायची विद्या जगात नावारूपाला आली ती तिथून.

क्रिप्टोलिमस, हा पण मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ साली आणलेला. काळपट पंख, डोकं-मान आणि पंखाचं टोक विटकरी. बीडकडं, बालाघाटच्या डोंगरात सीताफळावर पिठ्या ढेकूण पडतो, त्यासाठी हा विकत आणून सोडतात, हेक्टरी साधारण १५०० भुंगेरे. सोडायचा तर संध्याकाळी, आणि आधी बुंध्यावरच्या मुंग्यांचा बंदोबस्त करून, नाहीतर पैसे पाण्यात.

भुरी खाणारा पिवळा, इलिस. लिंबासारखा पिवळा, पाठीवर ठिपका नाही, मानेची पाटी पांढुरकी आणि त्यावर दोन काळे टिपके. हा मावा खात नाही, पान पण खात नाही, पानावरची भुरी म्हणजे बुरशी खातो. तुतीच्या पानामागं भुरी आली की दिसतो. आपल्याकडं रेशीमवाले आता गावोगाव आहेत, तुतीवर पिवळा किडा बघून घाबरून औषध मारू नका, ते पान पुढं रेशीम अळ्यांच्याच तोंडात जाणार आहे.

आणि शेवटी एपिलॅक्ना, अठ्ठावीस ठिपक्यांचा. प्रत्येक पंखावर चौदापर्यंत ठिपके, पण कमी-जास्त पण असतात, म्हणून मोजण्यावर भिस्त नको. मळकट विटकरी, लवदार. वांगं, बटाटा, टोमॅटो, कारलं, आणि बांधावरची काटेरिंगणी. आमच्या काकूनं एकदा परसातल्या वांग्यावर हे बघितले आणि "तूच म्हणला ना लाल ठिपक्याला हात लावू नको, म्हणून ठेवले बाई" म्हणून मलाच झापलं, तोवर पानांची चाळणी झाली होती. तेव्हापासून मी ठिपक्यांबद्दल बोलायचंच बंद केलं, आधी चमक आणि पान.

चौथी पायरी: अळी, अंडी, कोष

खरं तर भुंगेरा ओळखणं सोपं, तो देखणा असतो म्हणून सहसा कोणी मारत नाही. मार बसतो तो अळीला, आणि खादाड पण तीच, त्यातल्या त्यात शेवटच्या वयातली.

मित्र ढालकिड्याची अळी म्हणजे बारकी मगर. लांबट, मागं निमुळती, सहा पाय पुढच्या भागात स्पष्ट, रंग काळपट किंवा करडा, त्यावर नारिंगी-पिवळे-पांढरे डाग. चालते लई तुरुतुरु. पानं खाणाऱ्या अळ्या अशा धावत नाहीत, एका जागी बसून कुरतडतात, हा फरक लांबून पण कळतो. एपिलॅक्नाची अळी पिवळी, अंगभर फांद्या फुटलेले काटे, पानाच्या मागच्या बाजूला सुस्त बसलेली.

फसवणारी एकच, स्किम्नस आणि क्रिप्टोलिमसची अळी. अंगावर पांढऱ्या मेणाचे झुपके, हुबेहूब पिठ्या ढेकूण. शेतकरी ढेकूण समजून तिलाच घासून काढतो. काडीनं हळूच डिवचा, पिठ्या ढेकूण फारसा हलत नाही, ही अळी पळायला लागते. शिवाय ती आजूबाजूच्या ढेकणांपेक्षा बरीच मोठी वाटते, झुपके पण लांब.

अंडी पिवळी, तांदळाच्या कणीहून बारीक, पानाच्या मागं उभी चिकटवलेली, दहा-वीस-चाळीसचा घोळका. एपिलॅक्नाची पण पिवळी आणि उभीच, पण जरा विरळ, दोन अंड्यांत फट सोडून. नुसत्या अंड्यावरून मी छातीठोक सांगत नाही, शेजारी मावा आहे का ते बघतो, कारण आई पोरांच्या जेवणाची सोय बघूनच अंडी घालते. पांढरं अंडं केसासारख्या दांडीवर लटकलेलं दिसलं तर ते ढालकिड्याचं नाही, क्रायसोपा नावाच्या मावा खाणाऱ्या किड्याचं, तो पण आपलाच माणूस.

कोष पानाला बुडानं चिकटलेला असतो, नारिंगी-काळा. बोट लावलं तर झटक्यानं उभा राहतो आणि परत बसतो, पोरांना हे दाखवा, दिवसभर तेच करत बसतील. लोक त्याला रोगाचा फोड समजून पान तोडतात.

वर्षभर कुठं शोधायचे

जुलै-ऑगस्टला कपाशी, मूग आणि चवळीवर नागमोडी. कपाशीच्या कडंनं चवळी किंवा मक्याची ओळ लावली तर हे लवकर येतात, चवळीवर मावा पहिला पडतो आणि मक्याचे परागकण पण यांना चालतात. सप्टेंबर-ऑक्टोबरला उघडीप पडली की कपाशीवरच गर्दी. ज्वारीवर चिकटा पडला की पोंग्यात, पानाच्या बेचक्यात बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी करडई, आणि हाच ओळखायला शिकायचा खरा हंगाम, एका झाडावर अंडी, अळी, कोष, भुंगेरा सगळं एकदम सापडतं. हरभऱ्यात मात्र जास्त शोधू नका, पानाच्या आंबेमुळं मावाच कमी, मग हे कशाला येतील.

जिथं मुंग्यांची रांग माव्याकडं चढतेय तिथं ढालकिडे कमी दिसतात. मुंग्यांना माव्याचा गोड चिकटा पाहिजे असतो म्हणून त्या राखण करतात, ढालकिड्याला चावून हाकलतात. चवळीवर हे भांडण पाच मिनिटं उभं राहिलात तर डोळ्यांनी दिसतं.

फवारणीचं माझं साधं गणित असं की दहा-वीस झाडं तपासायची, मावा आहे पण झाडागणिक एक-दोन भुंगेरे किंवा अळ्या भेटतायत तर चार-पाच दिवस थांबून परत बघायचं. मावा वाढतच असेल तर आधी पाच टक्के निंबोळी अर्क. एकदम जहाल औषधाकडं जायचं नाही.

घरी पाळून बघायचं असेल तर

ओळख पक्की करायचा याच्यासारखा उपाय नाही. रुंद तोंडाची बरणी, तोंडाला मलमलीचं फडकं आणि रबर, आत माव्यासकट शेंडा, देठाला ओल्या कापसाचा बोळा. एका बरणीत एकच अळी. दोन ठेवल्या आणि मावा कमी पडला तर एक दुसरीला खाते, बाहेर पण हे भावंडांची अंडी खातात. रोज सकाळी शेंडा बदला, कुजू देऊ नका, बरणी उन्हात ठेवू नका. अळी चार वेळा कात टाकते, शेवटची टाकली की कोष. पावसाळी उबेत अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत दोन-अडीच आठवडे, थंडीत तीन-चार. तारीख बरणीवर चिटकवा आणि रोज एक फोटो काढा, तुमच्या वावरातली कोणती अळी कोणता भुंगेरा होते याचा पुरावा तुमच्याच मोबाईलमध्ये राहतो.

भुंगेरा निघाला की लगेच बोट लावू नका, पंख मऊ असतात, दाबले तर वाकडेच राहतात. एक दिवस बरणीतच ठेवा, थोडा मावा खाऊ द्या, मग ऊन उतरल्यावर ज्या झाडावरून अळी आणली होती त्याच झाडावर नेऊन सोडा.